खोली नंबर चारचा खांब

वजनमापसाहेब "आपण बघतो" असं म्हणाले की त्यांच्या पत्नीच्या पोटात गोळा येत असे. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात साहेबांनी जे जे बघायला घेतलं त्याची यादी तिला तोंडपाठ होती. जिन्यातला दिवा बघायला घेतला तेव्हा सबंध इमारत दोन दिवस अंधारात बसली. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी दोन वर्षांपूर्वी बघितला होता, आणि तेव्हापासून तो एका जुन्या बनियनच्या चिंधीनं बांधलेला होता. खाली एक पातेलं ठेवलेलं असे. कुणी पाहुणे आले की पातेलं उचलून फडताळात जाई आणि पाहुणे गेले की परत येई. घराची अब्रू अशी दिवसातून दोन-तीनदा आत-बाहेर होत असे.

त्या सोमवारी जेवताना नात म्हणाली, "आजोबा, आज आमच्या खांबानं जागा सोडली. मग शिपाईकाकांनी हातोड्यानं ठोकून परत बसवला. तोवर आम्ही सगळे बाहेर. गणित बुडलं."

गणित बुडल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. साहेबांचा घास मात्र हातातच राहिला.

"वर्गात खांब कशाला?"

"छत पडू नये म्हणून," नात म्हणाली, आणि एवढंही यांना कसं कळत नाही अशा नजरेनं आजोबांकडे बघून तिनं वरण वाढून घेतलं.

साहेब पाणी प्यायले, त्यांनी पेला खाली ठेवला आणि ते म्हणाले, "आपण बघतो."

पत्नीनं नळाकडे पाहिलं.

साहेबांचं आयुष्य वजनमाप खात्यात गेलं होतं. दुकानदारांचे काटे तपासायचे, पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधायचं, बूड ठोकून वर उचललेली मापं जप्त करायची, हे काम त्यांनी चौतीस वर्षं इमानेइतबारे केलं. निवृत्तीच्या वेळी खात्यानं त्यांना एक पितळी लिटरचं माप भेट दिलं. एक पोलादी टेप त्यांच्याकडे आधीपासून होता. या दोन वस्तू आणि जगातली प्रत्येक गोष्ट सरळ मापता येते हा विश्वास, एवढी शिदोरी घेऊन ते घरी आले. भाजीवाला अजूनही त्यांना बघून न मागता एक टोमॅटो जास्त टाकी. साहेब तो परत करत. मग भाजीवाल्याला अपमान वाटे, साहेबांनाही वाटे, आणि भाजी नेहमी थोड्या रागातच घरी येई.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. खोली नंबर चार म्हणजे चौथीचा वर्ग, मुलं बत्तीस. खोलीच्या बरोबर मध्ये एक जाड लाकडी वासा उभा होता. त्याच्या डोक्यावर फळी, फळीवर छत, आणि पायाखाली दोन विटा. मुलं त्याला 'मधले सर' म्हणत, कारण ते कायम उभे असत आणि कधी रजा घेत नसत. हजेरी संपली की कुणीतरी हळूच 'मधले सर' म्हणे आणि सगळा वर्ग 'हजर' म्हणे. फळा दिसावा म्हणून डावीकडची मुलं डावीकडे आणि उजवीकडची उजवीकडे कलून बसत. साहेबांच्या नातीची मान घरी जेवतानाही डावीकडे का असते, याचा उलगडा त्यांना तिथे झाला.

छतावर शाळेची पाण्याची टाकी होती. ती झिरपत होती आणि ते पाणी एका कोपऱ्यात बादलीत पडत होतं. बादली भरली की ओतून येणारा विद्यार्थी रोज बदलत असे.

मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणाल्या, "चालतंय तसं. तीन वर्षं अर्ज करतेय. दर वेळी उत्तर येतं, 'इमारत समाधानकारक'. पण या वर्षी वरून सांगितलंय, खोली झाली नाही तर चौथीचा वर्ग बंद. मुलं दोन शाळांत वाटून टाकणार. त्यातली जवळची शाळा हमरस्त्याच्या पलीकडे आहे."

हमरस्ता साहेबांना माहीत होता. तो ओलांडताना त्यांचं स्वतःचं मन तीनदा बदलत असे. नऊ वर्षांच्या मुलांनी तो रोज दोनदा ओलांडायचा, या विचारानं त्यांचा जबडा आवळला. नोकरीत असताना असा जबडा आवळला की दुकानदार आपण होऊन मापं पुढे ठेवत.

बांधकाम निधीच्या कार्यालयात मापं कुणी पुढे ठेवली नाहीत. तिथे आधी नमुना भरायचा होता, नमुना मिळण्यासाठी चिठ्ठी लागत होती, आणि चिठ्ठ्या देणारा माणूस चिठ्ठ्या आणायला गेला होता. तिसऱ्या दिवशी साहेब एका कारकून बाईंच्या टेबलापर्यंत पोचले. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, फाइल उघडली आणि कौतुकानं म्हणाल्या, "तुमची शाळा फार चांगली आहे हो. तोच तर प्रश्न आहे."

प्रश्न असा होता. प्रत्येक इमारतीला शंभरपैकी गुण मिळत. चाळीसच्या खाली गुण आले तर पैसे. साहेबांच्या नातीच्या शाळेला एकाहत्तर मिळाले होते. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच गुण जास्त मिळाल्याबद्दल कुणाला तरी जाब विचारायचं ठरवलं.

"खोली चारचं वाचा," ते म्हणाले.

बाईंनी वाचलं. "भिंती स्वच्छ. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा. दारात फुलझाडांच्या कुंड्या. छतास मध्यभागी भक्कम आधार दिलेला आहे, सबब दुरुस्ती झालेली आहे. पंधरा गुण."

"तो आधार म्हणजे पालकांनी वर्गणी काढून उभा केलेला वासा आहे."

"मग झाली ना दुरुस्ती," बाई म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या. नमुन्यात तसंच होतं. "मोठ्या रस्त्यावरच्या शाळेला मागच्या साली दुसरा मजला मिळाला. त्यांचे एक पालक इमारतींचे नकाशे काढतात, त्यांनी नमुना भरला होता. प्रत्येक भेगेला नंबर दिला होता. कागद बघूनच रडू येत होतं."

साहेब बाहेर येऊन बाकावर बसले. ज्यांना रडायला शिकवणारा माणूस घरचाच, त्यांना दुसरा मजला. आणि ज्यांनी पदरमोड करून छत उचलून धरलं त्यांचे पंधरा गुण वर चढवून त्यांना घरी पाठवायचं. हा कागद म्हणजे सरळसरळ मेण लावलेलं पारडं होतं. चौतीस वर्षांत त्यांनी अशी दुकानं बंद केली होती. त्यांनी फेरतपासणीचा अर्ज तिथेच, मांडीवर, टपोऱ्या अक्षरात लिहिला. इंजिनिअर पुढच्या गुरुवारी अकराला येणार असं ठरलं.

शाळेत परत येऊन त्यांनी आधी तो जगाचा नकाशा उचलला. मागे भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग होती. बाहेरच्या कुंडीतलं एक पान त्या भेगेतून आत डोकावत होतं.

"हा नकाशा इथे कुणी लावला?"

"मी," शिपाई म्हणाला. शिपाई पंचावन्नचा, अंगावर कडक इस्त्री, आणि शाळेच्या फरशीवर स्वतःच्या ताटापेक्षा जास्त माया. "साहेब तपासायला येणार म्हटल्यावर भिंत अशी उघडी ठेवायची? चार माणसं काय म्हणतील? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अहो, ती मूठ उघडायलाच तो माणूस येतो. सव्वा लाख त्याच्याकडे आहेत."

शिपायाला हे पटलं नाही. बाईंनाही मनापासून पटलं नाही. तीस वर्षं त्यांनी शाळा चालवली होती आणि एवढ्या वर्षांत पाहुण्याला गळकी बादली दिसू दिली नव्हती. तरीही ठरलं. गुरुवारी काही झाकायचं नाही. नकाशा नाही, कुंड्या नाहीत, पडदे नाहीत.

ही बातमी साहेबांच्या इमारतीत पोचली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यातच गाठून म्हणाले, "नुसतं न झाकून भागणार नाही. बुधवारी चार फरश्या उचकटा. दोन बादल्या पाणी भिंतीवर मारा. थोडं प्लास्टर खाली पाडा. पडलेलं प्लास्टर फार बोलकं असतं."

"जमायचं नाही," साहेब म्हणाले. "माप खोटं नको. कमी नको, जास्तही नको."

"मग बसा माप घेऊन," वकील म्हणाले. त्यांचा सल्ला फुकट होता, पण नाकारला की ते फी बुडाल्यासारखे दुखावत. पुढचे दोन दिवस त्यांनी साहेबांशी फक्त लेखी संबंध ठेवला, म्हणजे दाराखालून एक चिठ्ठी सरकवली. तीत 'प्लास्टरचा विचार व्हावा' एवढंच लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी दहाला साहेब शाळेत पोचले आणि दारातच थबकले.

फाटकाला तेल घातलेलं होतं. कुंड्या परत आल्या होत्या, आणि आधी सहा होत्या त्या आता अकरा झाल्या होत्या. खोली चारची भिंत नव्या चुन्यानं झगझगत होती. नकाशा जागेवर होता. 'मधले सर' खालपासून वरपर्यंत गुलाबी कागदात गुंडाळलेले होते आणि त्यांच्या छातीवर 'सुस्वागतम्' असं चिकटवलेलं होतं. खिडक्यांना पडदे होते. पडदे साहेबांच्या ओळखीचे होते. रात्रीपर्यंत ते त्यांच्याच बैठकीच्या खोलीत होते.

"तू?" ते पत्नीला म्हणाले. ती मुलांच्या चार आयांबरोबर हात पुशीत उभी होती.

"अहो, साहेब येणार, पोरांच्या शाळेत. बायकांना राहवलं नाही. मग मी तरी कशी घरी बसू?"

शिपाई पहाटे पाचलाच आला होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, हात ऐकत नाही."

साहेब कुणाला रागावले नाहीत. वेळही नव्हता. त्यांनी कोट काढून खिडकीत ठेवला, बाकावर चढून नकाशा उतरवला आणि मधल्या सरांचा गुलाबी पोशाख फाडायला घेतला. मुलांना हे काम फार आवडलं. चुन्यानं भेग पांढरी झाली होती, पण बुजली नव्हती. पडदे घडी होऊन पत्नीच्या हातात गेले. कुंड्या मात्र राहिल्या, कारण अकरा वाजले आणि इंजिनिअर वेळेवर आला. असं काही होण्याची कुणालाच सवय नव्हती.

इंजिनिअर तरुण होता, हडकुळा होता, आणि नम्र होता. हीच पंचाईत झाली. खेकसणारा माणूस असता तर साहेबांना सोपं गेलं असतं. यानं आल्या आल्या नमस्कार केला आणि कुठे बसू म्हणून विचारलं. साहेबांच्या आत बसलेला अडतीस वर्षांचा संसारी यजमान उठून उभा राहिला. त्यांनी खुर्ची पुढे केली. बाही फिरवून तिच्यावरची धूळ झटकली. आणि बादली पाहुण्याच्या पायात येईल म्हणून ती पायानंच हळूच कपाटाच्या मागे सरकवली.

"छत गळतं का?" इंजिनिअरनं नमुन्यावर पेन टेकवून विचारलं.

"छे, तसं विशेष काही नाही," साहेब म्हणाले. "थोडंसं. चालतंय."

हे शब्द आपल्याच तोंडून आले हे त्यांना जरा उशिरा कळलं. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. शिपाई बघत होता. त्याच्या डोळ्यांत सहानुभूती होती आणि तीच साहेबांना जास्त झोंबली. बादलीच्या रिकाम्या जागी फरशीवर पाणी टपटपू लागलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. साहेबांना शरम वाटली. खोटं माप दाखवल्याबद्दल त्यांनी लोकांची दुकानं सील केली होती आणि आज बत्तीस मुलांच्या डोक्यावरच्या छताचं माप त्यांनी स्वतः खोटं सांगितलं होतं, तेही खुर्ची झटकून.

"थांबा," ते म्हणाले. "मी आत्ता खोटं बोललो. ते लिहिलं असेल तर खोडा."

त्यांनी बादली ओढून पुढे आणली. पिशवीतून पितळी माप काढून गळतीखाली धरलं आणि मनगटावरचं घड्याळ इंजिनिअरच्या पुढे केलं. अकरा मिनिटांनी माप काठोकाठ भरलं. तोवर मुलंसुद्धा जागची हलली नाहीत, कारण पाणी बघण्यात त्यांना गणितापेक्षा निश्चित जास्त रस होता.

"अकरा मिनिटांत एक लिटर. लिहा," साहेब म्हणाले. मग टेप निघाला. "भेग, लांबी सात फूट चार इंच. रुंदी, माझा अंगठा जातो. तुमचा घालून बघा. लिहा. भिंतीचा चुना आज पहाटेचा आहे, घरच्या बायकांनी दिलेला. तेही लिहा. शाळा वाईट ठेवलेली नाही, फार जपलेली आहे. ती जपणूक इमारतीच्या खात्यात घालू नका."

इंजिनिअर लिहीत गेला. गुण उतरत एकावन्नवर आले आणि तिथे अडले.

"आधाराचे पंधरा काढता येणार नाहीत," तो ओशाळून म्हणाला. "नमुन्यात दोनच चौकोन आहेत. आधार आहे, आधार नाही. खांब तर आहे."

"काढून टाकला तर?"

"तर 'नाही' वर खूण करीन. मग छत्तीस होतील. मिळतील पैसे."

"ठीक," साहेब म्हणाले, आणि शिपायाकडे वळले. "हातोडा आणा. बाई, मुलांना मैदानात न्या. इंजिनिअरसाहेब, तुम्ही मात्र बसून राहा. खुर्ची जरा मध्ये घ्या."

इंजिनिअर उठून उभा राहिला. "मी कसा बसेन इथे? खांब काढला तर छत खाली येईल."

"येईल?"

"यायलाच हवं. सगळा भार त्याच्यावर आहे. पायाखाली नुसत्या विटा आहेत, कधीही सरकेल. खरं तर आत्तासुद्धा इथे..." तो थांबला. त्यानं एकदा वर पाहिलं आणि मग दारातून बाहेर जाणाऱ्या, सवयीनं माना डावी-उजवीकडे कललेल्या मुलांच्या रांगेकडे पाहिलं.

"आत्ता जे बोललात तेवढंच लिहून द्या," साहेब हळू आवाजात म्हणाले. "एक शब्द जास्त नको."

इंजिनिअरनं कोणत्याच चौकोनात खूण केली नाही. नमुना उलटा करून कोऱ्या बाजूला त्यानं लिहिलं, 'खांब काढता येत नाही. काढल्यास छत कोसळेल. मी स्वतः या खोलीत बसू शकत नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि तो बाहेर मैदानात जाऊन पाणी प्यायला. त्या दिवसापासून चौथीचा वर्ग मैदानातच भरू लागला.

तीन आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. शाळेत टाळ्या झाल्या. साहेबांनी चष्मा लावून पत्र दुसऱ्यांदा वाचलं, कारण कागद दोनदा वाचायची त्यांना खोड होती. 'भिंती व फरशी मंजूर. छताचा विचार पुढील टप्प्यात करण्यात येईल.'

"पुढचा टप्पा कधी?" त्यांनी कार्यालयात विचारलं.

"निधी आला की," कारकून बाई म्हणाल्या. "आहे तेवढ्यात सगळ्यांना थोडं थोडं द्यावं लागतं."

"चार भिंती, फरशी आणि वर आभाळ. त्याला अंगण म्हणतात. अंगण आमच्याकडे आहे."

मग साहेब रोज जेवणाचा डबा घेऊन त्या कार्यालयात जाऊ लागले. कुणाशी भांडले नाहीत. मोठ्या साहेबांच्या दारासमोर बसायचे, एक वाजता डबा खायचे, पाचला उठायचे. निघताना पत्नी विचारी, "आजही?" ते म्हणत, "आजही." पाचव्या दिवशी त्यांच्या शेजारी एक शिक्षिका येऊन बसल्या. दुसऱ्या कुठल्याशा शाळेच्या, नीटनेटक्या, हातात अर्ज. शाळा कशी आहे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "चालतंय तसं." साहेबांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.

नवव्या दिवशी मोठ्या साहेबांनी आत बोलावलं. ते कंटाळले होते. "काय पाहिजे तुम्हाला? नियमाप्रमाणे झालंय सगळं."

"तुमच्या नियमाचं माप खोटं आहे," वजनमापसाहेब म्हणाले. "जो खांब लावतो त्याचे गुण वाढवता. जो रडतो त्याला मजला देता. आणि देता तेव्हा अर्धी खोली देता, म्हणजे कागदावर दोन शाळा खूश आणि दोन्हीकडे मुलं उघड्यावर. अर्ध्या लिटरला लिटर म्हणणाऱ्याला मी दंड करत होतो. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, नाहीतर..." इथे त्यांना आपण कुठे बसलोय याची आठवण झाली. पण माघार घेतली नाही. इंजिनिअरनं कोऱ्या बाजूला लिहून सही केलेल्या मजकुराची नक्कल त्यांनी टेबलावर ठेवली. "हे वाचा आणि आमच्या खोली चारमध्ये येऊन एक तास बसा. मग पुढचा टप्पा कधी ते मला सांगा."

मोठ्या साहेबांनी ते वाचलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. छत त्याच टप्प्यात मंजूर झालं, आणि नमुन्यात 'आधार काढता येतो काय?' असा एक नवा प्रश्न शाईनं घातला गेला.

पाडकामाच्या दिवशीही चौथीचा वर्ग मैदानात होता. त्या नीटनेटक्या शिक्षिकाही बघायला आल्या होत्या. मुलांना मधल्या सरांचा निरोप समारंभ करायचा होता, पण बाईंनी आत जाऊ दिलं नाही. मजुरानं दारातूनच वाशाला दोर बांधला आणि बाहेरून ओढला.

वासा आडवा झाला. क्षणभर काहीच झालं नाही. साहेबांच्या मनात चोरासारखं येऊन गेलं, की आपण उगीच तर एवढा आरडाओरडा केला नाही ना? मग छत मधोमध वाकलं आणि टाकीसकट खाली आलं. धुरळा फाटकापर्यंत गेला.

धुरळा बसला. बाईंनी मुलं मोजायला सुरुवात केली. बत्तीस भरली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजली. साहेबांनी नातीचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आजोबा, दुखतंय."

शिपायाच्या इस्त्रीवर पांढरी धूळ बसली होती. ती त्यानं झटकली नाही. ढिगाऱ्याकडे बघत तो म्हणाला, "साहेब, चालत नव्हतं."

"नाही," साहेब म्हणाले.

मग ते त्या शिक्षिकेकडे वळले. पिशवीत पितळी माप आहे का ते त्यांनी चाचपून पाहिलं.

"तुमच्याकडे खांब किती?"

शिक्षिका जरा घुटमळल्या. सवयीचा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला.

"दोन," त्या म्हणाल्या. "आणि तिसरीच्या वर्गात एक बादली."

"चला," साहेब म्हणाले. "आपण बघतो."

फाटकाशी उभ्या असलेल्या पत्नीनं ते ऐकलं. या वेळी तिच्या पोटात गोळा आला नाही. तिनं फक्त त्यांच्या हातात डबा दिला आणि सांगितलं की नळाला आज तिनं प्लंबर बोलावलाय, आणि पातेलं त्याला दिसेल असं ओट्यावरच ठेवलंय.